पाठीखालची ऊब

अंगदनं शाळेची जुनी मिनीबस भंगारात न देता तिची घरगाडी केली, तेव्हा वडीगोद्रीतले निम्मे लोक बघायला आले आणि निम्मे हसायला. आत पलंग, गॅस, पडदे, पाण्याची टाकी, सगळं होतं. शनिवारी पहिलं गिऱ्हाईक यायचं होतं. जालन्याच्या रजनीताई आणि त्यांचे मिस्टर मार्तंडराव, दोघं नोकरीतून रिटायर झालेले, आठ दिवस गाडीतच राहून फिरणार होते. रजनीताईंनी फोनवर एकच गोष्ट विचारली होती.

"बाकी काही का असेना, रात्री थंडी नाही ना वाजणार? मला थंडी अजिबात सोसत नाही हो."

"बिलकुल न्हाई, ताई," अंगद बोलून गेला.

त्याची माय दुर्गाबाई तिथंच शेंगा फोडत बसली होती. डिसेंबर लागला की तिचे गुडघे सकाळी उठू देत नसत.

"आधी मला निजव तुझ्या गाडीत," ती म्हणाली. "मला ऊब आली तर लोकाच्या बाईला निजव. न्हाईतर फोन करून न्हाई म्हण. खोटं बोलून कुणाची हाडं गारठवू नको."

मंगळवारी गाडी मोसंबीच्या बागेत नेऊन लावली. पलंगावर दुर्गाबाई आणि चार वर्षांची नात आकांक्षा, पायथ्याशी अंगदची बायको साधना, पुढच्या सीटवर अंगद. अंगदनं खिडक्या गच्च लावल्या आणि मायवर तीन गोधड्या टाकल्या. थोड्या वेळानं चौथी. मग पाचवी. पाचवीच्या ओझ्यानं दुर्गाबाईला धाप लागली, पण कुडकुडणं काही थांबेना.

"कोळशाची शेगडी आण रे आत."

"नको आत्या," साधना सासूला म्हणाली. "बंद गाडीत कोळसा पेटवला तर सकाळी आपल्याला उठवायला चार माणसं लागतील."

मध्येच कधीतरी साधनाचा हात आकांक्षाच्या पाठीखाली गेला. पोर तान्ही होती तेव्हापासूनची सवय. ओलं केलं का, हे बघायला झोपेतसुद्धा हात आपोआप जायचा. आता हाताला ओल लागली नाही, पण बोटं गार पडली. पोरीच्या गळ्याशी घाम होता आणि पाठ माठासारखी थंड. साधनानं रेक्झिनची पातळ गादी उचलून खाली चाचपलं. नुसता प्लाय, आणि प्लायखाली पोकळी. तिच्यातून बागेतलं वारं सरळ जाऊन राह्यलं होतं.

उजाडता उजाडता काचांवरून पाणी ओघळलं आणि गोधड्यांच्या कडा भिजल्या. दुर्गाबाई एक गोधडी डोक्यावरून घेऊन घराकडं निघाली. दुकान उघडत असलेल्या मच्छिंद्रनं तिला गाठलंच.

"काय काकू, महाबळेश्वराहून कधी आल्त्या?"

अंगदला ते फार लागलं. घरी येऊन त्यानं मोबाईल हातात घेतला. "रजनीताईला न्हाई म्हणून टाकतो."

"गुरुवारपर्यंत थांबा," साधना म्हणाली. "अंथरूण मी करते."

"तू काय करणार? पाच गोधड्या टाकल्या न मी!"

"वरून टाकल्या. थंडी खालून येऊन राह्यली."

तिचे वडील अंबडकडच्या शेतात गव्हाला रात्रीचं पाणी द्यायचे. पंपाची वीज येईस्तोवर बैलगाडीत निजायचे. खाली हातभर कडबा, त्यावर पोतं, आणि अंगावर एकच गोधडी. लहानपणी त्यांच्या कुशीत निजलेल्या साधनाला थंडी वाजल्याचं काही आठवत नव्हतं.

दोन दिवस आकांक्षा दुपारची निजली की साधना कामाला लागायची. पेंडीची पोती धुऊन वाळवली. कडब्याचा मऊ पाला ओरबाडून त्यांच्यात ठासून भरला, दाभणानं तोंडं शिवली. प्लायखालची पोकळी पोत्यांनी बुजवली, वर पोत्यांचा थर, त्यावर गादी, त्यावर जाड चादर. पलंगालगतच्या पत्र्यावर जुनी सतरंजी ठोकली. पोर उठून "मम्मी, मीपन भरते" म्हणत पाला उधळायची, तिचे केस झाडता झाडता निम्मा वेळ जायचा.

"गिऱ्हाईकाला कडब्यावर निजवायचं?" अंगद हसला. "लोक काय म्हणतील?"

"झोपलेलं माणूस काय म्हणंल?"

गुरुवारी दुपारभर गोधड्यांना ऊन दाखवलं आणि ऊन कलायच्या आत त्या घडी करून गाडीत ठेवल्या. रात्री एक खिडकी तिनं बोटभर उघडी ठेवली. अंगद लावायला निघाला, तिनं हात धरला. "श्वासाचं पाणी जाऊ द्या बाहेर."

"अंगावर दोनच?" दुर्गाबाई पलंगावरून म्हणाली. "माझ्यावर डूख धरलाय का गं?"

"तिसरी उशाशी हाय, आत्या. लागली तर ओढा."

साधनाला झोप कुठली! सासूनं कूस बदलली की ती कान टवकारायची. मग कूस बदलणंही थांबलं. आकांक्षाच्या पाठीखाली हात घातला, पाठ उबदार होती. पलीकडं सासूची पाठ. लग्नाला सहा वर्षं झाली, पाया पडण्यापलीकडं तिनं कधी सासूला हात लावला नव्हता. तिनं हळूच लेकरासारखाच तिच्याही पाठीखाली हात सरकवला. तव्यावरून उतरवून टोपल्यात ठेवलेल्या भाकरीसारखी ऊब. तिसरी गोधडी उशाशी तशीच घडीत होती. साधनाचा ऊर भरून आला. हे आपण केलं, कडब्याच्या पाल्यानं केलं, आणि कुणाला विचारून नाही केलं.

रोज तांबडं फुटायच्या आत उठणारी दुर्गाबाई ऊन आलं तरी उठेना. घाबरून अंगदनं दार उघडलं.

"माय? बरी हायेस न?"

"दार लाव आधी. वारं येतंय."

उठल्यावर तिनंच रजनीताईंना फोन लावायला लावला आणि मोबाईल तोंडासमोर आडवा धरून ओरडली, "ताई, बिनघोर या! मी निजून बघितलंय. अंथरूण बाजारचं न्हाई, माझ्या सुनेनं केलंय. साधना नाव तिचं." फोन ठेवला आणि लेकाकडं वळली. "पण हे अंथरूण काढ गाडीतून. ते माझ्या खोलीत टाक."

"अगं माय, मंग ताई कशावर निजतील?"

"मला काय विचारतो? जिला येतं तिला विचार."

साधनानं आकांक्षाला आजीच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि कडब्याच्या गंजीकडं निघाली. थोडं चालून तिनं मागं बघितलं. काखेत रिकामी पोती मारून अंगद तिच्या मागं येऊन राह्यला होता.