रंग न धरणारी गाठ

मी मेणात थिजलेली एक गाठ बोलतेय. आता मरोळच्या एका लॅबमधल्या कपाटात असते, पण माझा जन्म नलिनी तळवडेकरच्या गळ्यात झाला.

गळ्यात थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हे त्यांचं काम. मी त्यांतलीच एक. कधीतरी माझी वाढ थांबेनाशी झाली. मी सुपारीएवढी फुगले आणि नलिनीच्या हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढत राहिले.

नलिनी मुलुंडला शिवणक्लास घ्यायची. तिला सारखी तहान लागायची, कंबर ठणकायची, मूतखडे व्हायचे. कारण नसताना रडू यायचं. "वय झालं की असं होतंच," असं सगळे म्हणायचे. मग एकदा नुसती इस्त्री उचलताना तिचं मनगट मोडलं, तेव्हा कुठे कुणीतरी तिचं कॅल्शियम तपासलं.

ऑपरेशनच्या वेळी मी सहज सुटले नाही. आजूबाजूला घट्ट चिकटले होते. बाहेर आल्यावर मला फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं, मग वितळलेल्या मेणात. मेण गोठलं आणि माझा ठोकळा झाला. त्याचे केसाहून पातळ काप काढून काचेवर लावले. तरीही ठरेना, की मी साधी गाठ आहे की कॅन्सर. म्हणून रंगाची एक खास तपासणी केली. पेशींच्या केंद्रात पॅराफायब्रोमिन नावाचं प्रथिन असतं; ते शाबूत असेल तर तिथे तपकिरी रंग चढतो. माझ्यावर रंग चढला नाही.

"कॅन्सरची शक्यता दाट आहे," असं नलिनीच्या मुलीला, अक्षताला सांगण्यात आलं. अक्षता तेव्हा गरोदर होती. तिने लॅबमधून मला आणि त्या काचा मागून घेतल्या, पर्समध्ये ठेवल्या आणि आईला घेऊन रिक्षाने मरोळ गाठलं.

"अगं, पुन्हा तपासून काय वेगळं निघणारे?" नलिनी म्हणाली.

"निघेल."

"तू आधी काहीतरी खा. सकाळपासून उपाशी आहेस."

"आई, तू तुझं बघ ना!"

अक्षताने पर्स पोटाशी धरली होती. माझ्या आणि तिच्या बाळाच्या मध्ये फारसं काहीच नव्हतं.

मरोळच्या लॅबमध्ये डॉक्टर गंधालींनी जुनी काच मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ही टेस्ट धरताच येणार नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्यांत हे प्रथिन असतंच, त्यांच्यावर तरी रंग यायलाच हवा होता. तिथेही नाही. म्हणजे तपासणीच नीट झालेली नाही."

"म्हणजे कॅन्सर नाही?" अक्षताने विचारलं.

"तसं मी म्हटलं नाही. पुन्हा करूया."

अक्षताच्या कानांत पहिलंच वाक्य शिरलं होतं. "आई, टेस्टच फुकट गेली होती गं!" ती ओरडली. नलिनी मोठ्याने हसली. इतकी वर्षं मी त्याच गळ्यात राहिले, पण असं हसू माझ्या शेजारून कधी गेलं नव्हतं.

माझे नवे काप निघाले. या वेळी रक्तवाहिन्यांवर सुरेख तपकिरी रंग उतरला. माझ्या पेशी मात्र फिकटच राहिल्या. गंधाली बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि पुन्हा पाहिलं.

निकाल ऐकायला नलिनी एकटीच आली. घरी तिने क्लासला जाते म्हणून सांगितलं होतं.

"गाठ कॅन्सरच्या वळणाची आहे," गंधाली म्हणाल्या. "पूर्ण निघालीय, पण परत येऊ शकते. आणि नलिनीताई, हा बिघाड कधीकधी घराण्यातून येतो. तुमच्याकडे कुणाला असं काही?"

"माझी आई. कुडाळला असायची. कूस वळवली तरी तिचं हाड मोडायचं. गावात म्हणायचे, कुणीतरी करणी केलीय."

"मग अक्षताचं कॅल्शियम आजच बघायला हवं. वाढलेलं असेल तर बाळाला धोका आहे."

नलिनीने टेबलाची कड धरली. "तिला नका सांगू, डॉक्टर. याआधी दोनदा गर्भ टिकला नाही तिचा. हे ऐकून धसका घेतला तर?"

गंधालींनी आवाज खाली आणला. "खात्रीने नाही सांगता येणार. पण ते दोन्ही गर्भ कदाचित याच्यामुळेच गेले असतील."

नलिनीने फोन लावला. "अक्षू, कुठे आहेस? नाही गं, क्लासला नाही गेले, खोटं बोलले तुला. मरोळला ये. रिक्षावाल्याला हळू आणायला सांग."

अक्षताचं कॅल्शियम वाढलेलं निघालं. नलिनीच्या रक्ताच्या तपासणीत जनुकातला बिघाड सापडला, आणि तोच अक्षतातही. पाचव्या महिन्यात अक्षताच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. तिची गाठ माझ्याहून बरीच लहान. तीही इथेच आली, मेणात बसली. तिनेही रंग धरला नाही. आता आम्ही एकाच खणात असतो.

बाळ झालं, मुलगी. अंगाने बारीक, पण आवाज खणखणीत. परवा तिघीही इथे आल्या होत्या. नलिनीचं कॅल्शियम पुन्हा चढतंय, म्हणून नव्या डॉक्टरांना माझे काप हवे होते.

"हिची तपासणी कधी करायची?" अक्षताने विचारलं.

"थोडी मोठी होऊ दे," गंधाली म्हणाल्या.

नलिनी नातीच्या हनुवटीखालची लाळ पुसत होती. पुसून झाल्यावरही तिचं बोट त्या इवल्याशा गळ्यावरून हलेना.

कपाटं भरली की जुने ठोकळे टाकून देतात, असं मी इथे ऐकते. आम्हा दोघींना एवढ्यात टाकू नका. नलिनीचं दुखणं परत आलंय, आणि त्या पोरीच्या गळ्यात काय आहे ते अजून कुणालाच ठाऊक नाही.