चावलेला भात

लिएनने तिसऱ्यांदा घमेलं धुऊन आणलं. या खेपेची उलटी लाल नव्हती, कॉफीच्या चोथ्यासारखी काळी होती. पण तेही रक्तच, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

तिचा मुलगा त्रुंग इस्पितळाच्या खाटेवर डोळे मिटून पडला होता. चौतीस वर्षांचा बाप्या, पण तोंड एवढंसं झालेलं. सकाळपासून भेटायला येणारा जो तो म्हणत होता, बापावर गेलाय, आजोबावर गेलाय, या घराण्याचं पोटच तसलं! लिएन मान डोलवत होती. खरं सांगायचं तर ते ऐकायला तिला बरंच वाटत होतं.

डॉक्टर दिएप कागद घेऊन आल्या. दुर्बिणीत पोटातले तीन व्रण दिसले होते. आधी आजोबा, मग बाप, आता हा. रक्तातून उतरणारा एखादा दुर्मीळ आजार असला, तर सायगॉनच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल, कदाचित पोटही उघडावं लागेल.

“बाप-आजोबा सख्खेच ना?”

लिएनने घमेलं खाटेखाली सरकवलं. गप्प बसावं तर पोराच्या पोटावर सुरी, बोलावं तर पोरगाच हातचा जाणार.

“नाही,” ती म्हणाली. “तरंगत्या बाजारात होडीवरच्या एका बाईने दिला. आठ दिवसांचा होता.”

डॉक्टरांनी हातातले कागद मिटले. मग त्याला लहानपणी भरवलं कसं, ते त्यांनी विचारलं.

“आमच्यात भरवतात तसंच. माझ्या तोंडात चावलेला भात त्याच्या तोंडात.”

मग पोटात व्रण करणारा जंतूच असेल, डॉक्टर म्हणाल्या. तो असाच तोंडातून पसरतो. घरात सगळ्यांनाच असायचा. आधी तुमची दोघांची तपासणी करू. निघाला तर दोन आठवडे गोळ्या. सायगॉनचं नंतर बघू.

त्या गेल्या. लिएनला वर बघायचा धीर होईना.

“होडीवालीचं मला सातवीतच कळलं होतं,” त्रुंग डोळे न उघडता म्हणाला. “तू बोलली नाहीस, म्हणून मीही नाही बोललो.”

तिने बाहीनेच नाक पुसलं.

“म्हणजे हे दुखणं तुझ्याकडूनच आलं ना, आई?”

“हो रे बाबा.”

“मग झालं तर.”

खरं म्हणजे तिला शरम वाटायला हवी होती. ती त्याची उशी सारखी करू लागली, आणि तिला काही केल्या हसू आवरेना.