डाव्या पायाचा केसपेपर

शंभर पावलं चाललं की प्लंबरची डावी पोटरी भरून यायची. मग तो थांबायचा आणि समोरच्या इमारतीच्या पाइपांकडे मान वर करून बघत राहायचा, जणू तपासायलाच बोलावलंय. दोन मिनिटांनी कळ गेली की पुढे. एका गल्लीत चार पाइप बघून झाल्यावर बायकोच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्याच दिवशी तिने त्याला इस्पितळात नेऊन उभं केलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरबाईंनी दंडाचं प्रेशर घेतलं. एकशे सत्तर. मग घोट्याला पट्टा गुंडाळून तिथलं घेतलं. नव्वद.

"काका, पायाकडे रक्त नीट पोचत नाहीये," त्या म्हणाल्या. त्यांनी रक्त काढून घेतलं आणि त्याला तळमजल्यावर रक्तवाहिन्यांच्या विभागात पाठवलं.

तिथल्या क्लार्कची पंचाईत झाली. त्याचा कॉम्प्युटर एका पेशंटचं एकच प्रेशर घेत होता.

"पायाचा वेगळा केसपेपर काढू," तो म्हणाला. "नाव?"

"डावा पाय," प्लंबर म्हणाला. विचारलं तेवढंच सांगावं, असा त्याचा स्वभाव.

"वय?"

"अठ्ठावन्न. आम्ही बरोबरचेच."

"सिगारेट?"

"ती मी ओढतो. त्याने कधी हात लावला नाही."

पुढच्या मंगळवारी दंडाला अकरा वाजता वर बोलावलं होतं आणि पायालाही अकरालाच, खाली. प्लंबर पायाबरोबर गेला. दाराशी क्लार्कने अडवलं.

"पेशंटबरोबर एकच नातेवाईक. बाई आत जातील. तुम्ही वरच्या मजल्याचे पेशंट, बाहेर थांबा."

शेवटी प्लंबर बाहेर खुर्चीवर बसला आणि पाय तेवढा दारातून आत सरकवला. आत बायकोने तो मांडीवर घेतला. टेक्निशियन पोटरीवर मशीन फिरवत तिलाच म्हणाला, "दुखतंय का विचारा."

"अहो, दुखतंय का?" ती दाराकडे तोंड करून ओरडली.

"नाही म्हणावं!"

एवढ्यात लॅबमधून निरोप आला: रक्त दंडातून काढलंय, त्याचा रिपोर्ट पायाच्या फाइलला देता येणार नाही. आता मात्र प्लंबरचा पारा चढला.

"चाळीस वर्षं पाइप जोडतोय मी! टाकी वर असो, नळ खाली असो, पाणी एकच असतं!"

दंड आला नाही म्हणून डॉक्टरबाई शोधत खाली आल्या होत्या. त्यांनी रिपोर्ट स्वतःच आणला. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन वाढलेलं, गुठळीची शंका दाखवणारं डी-डायमर थोडं जास्त.

"म्हणजे गुठळी झालीय?" बायकोने विचारलं.

"झालीच असं नाही. रक्त गोठायला जरा जास्तच उतावीळ झालंय, एवढं हे आकडे सांगतात. वर्षानुवर्षं प्रेशर जास्त, त्यात सिगारेट. रक्तवाहिन्या आतून खरवडल्या जातात. पायातली एक अरुंद झालीय, ते मशीनवर दिसलं."

प्लंबरने दारातल्या पायाकडे बघितलं. मग म्हणाला, "कापावा लागेल का?" पहिल्या कळेपासून हाच प्रश्न त्याच्या मनात होता.

"कापला तर केसपेपर लगेच बंद करता येईल," क्लार्क आशेने म्हणाला.

"काही कापायचं नाही," बाई म्हणाल्या. "गोळ्या घ्या, सिगारेट बंद. आणि रोज चाला. दुखलं की थांबा, थांबलं की चाला."

बायकोने बाहेर येऊन त्याच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून तिथल्या तिथे कचऱ्याच्या डब्यात टाकलं. पाय अजून दारातच होता, तो प्लंबरने हळूच बाहेर ओढून घेतला.

सहा महिन्यांनी तो न थांबता हजार पावलं चालू लागला. दंडाच्या गोळ्या चालूच राहिल्या, पायाला मात्र तळमजल्यावरून डिस्चार्ज मिळाला.

"पेशंटची सही," क्लार्क म्हणाला.

"त्याला लिहिता येत नाही."

"मग अंगठा."

प्लंबरने बूट काढला, मोजा काढला. क्लार्कने शाईचं पॅड फरशीवर ठेवलं आणि कागद सरळ केला. बायकोने दंड घट्ट धरला. गार शाईने इतक्या गुदगुल्या झाल्या, की प्लंबर खो खो हसायला लागला आणि पहिले दोन ठसे बिघडले.