हवा वाजतेय की

भट्टीचा धूर चार लोखंडी खोल्यांमधून जायचा. प्रत्येक खोलीत माणसापेक्षा उंच कापडी पिशव्या टांगलेल्या. राख कापडाला बाहेरून चिकटून राहायची आणि गाळलेला वायू वरून निघून जायचा. पूर्वी पिशव्या उतरवून साफ करत, तेव्हा भट्टी बंद ठेवावी लागे. आता तीन खोल्या चालूच ठेवायच्या, चौथीची झडप लावायची आणि एकाने वरच्या दारातून आत उतरून टांगलेल्या पिशव्यांमध्ये एकेक करून नळीने दाबाची हवा सोडायची. कापड फुगून झटकलं जाई, राख खाली पडे.

आत तिचा नवरा होता आणि दारापाशी, जाळीच्या सज्जावर, ती. नियम साधा होता. बाहेरच्याने अधूनमधून पान्याने पत्र्यावर एकदा ठोकायचं, आतल्याने दोनदा. उत्तर आलं नाही, तर सायरनची दांडी ओढायची.

परवापासून दोघांचं एवढंच काय ते बोलणं. बाळाच्या अंगात ताप असताना ती त्याला नणंदेकडे ठेवून कामावर आली होती. तो म्हणाला होता, "तुझ्यापेक्षा माझी बहीणच त्याची आई शोभते." तेव्हापासून घरातले सगळे निरोप बाळामार्फत जात. "बाबांना म्हणावं, ताट वाढलंय." "आईला सांग, भूक नाही." आठ महिन्यांचं ते लेकरू तापल्या डोळ्यांनी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे, आणि काहीतरी हुंकारे. निरोप पोचला असं दोघंही धरून चालत.

तिने ठोकलं. आतून दोन ठोके आले. त्या दोन ठोक्यांतही फुगलेलं नाक तिला ऐकू आलं.

दुपारी नणंदेचा फोन आला. "वहिनी, उतरला गं ताप! सगळी बाटली संपवली, आता माझी वेणी ओढत बसलाय."

तिच्या छातीत दूध दाटून आलं. कामाच्या जाड कपड्यांच्या आत ओल पसरली. तिला रडूही आलं आणि हसूही. अबोला गेला खड्ड्यात, असं म्हणत ती दारातून आत वाकली.

"अहो! ताप उतरला हो त्याचा! ऐकलंत का?"

आतून नुसता हवेचा आवाज. तिने पाना घेऊन ठोकलं. काही नाही.

तिचं डोकं सणकलं. "मुलाचा ताप उतरला, पण ह्यांचा पारा काही उतरायचा नाही."

पलीकडे बसलेला झडपवाला हसला. त्याला सगळे भोंगा म्हणत. एकदा शिंका आल्यामुळे आतल्या माणसाचं उत्तर लांबलं, तेवढ्यावर ह्याने सायरन ओढला होता. भट्टी थांबली, आतला माल थिजला आणि हे नाव कायमचं चिकटलं.

"वहिनी, घरचं भांडण इथं वर आणू नका," तो म्हणाला. "हवा वाजतेय की. काम चालूये त्याचं."

हवा वाजत होती खरी. दाराला टांगलेलं विषारी गॅस मोजणारं मीटरही शून्यावर होतं. ती खाली बसली. मी नमले, स्वतःहून बोलले, आता पुन्हा ठोकणार नाही. बसू दे तसाच. तिने घामाने ओला झालेला गळा रुमालाने पुसला आणि पाना मांडीवर ठेवून दिला.

बसल्या बसल्या तिचे कान मात्र आतच होते. झोपलेल्या बाळाच्या श्वासाकडे लागतात तसे. नळी एका पिशवीतून काढून दुसरीत घालताना आवाज तुटतो. मग कापड धप्पकन फुगतं, मग पुन्हा सूं. हा आवाज तुटतच नव्हता.

"भाऊजी, हे कधीपासून असं वाजतंय?"

"कसं?"

तिने दांडी ओढली.

कमरेला बांधलेल्या दोराने नवऱ्याला वर काढलं तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि मुठीत नळी तशीच आवळलेली होती. झडप पुरती बसली नव्हती. शेजारच्या खोलीतला वायू खालून झिरपत राहिला, आणि दारातून ताजी हवा आत ओढली जात असल्यामुळे तिथल्या मीटरला त्याचा पत्ताच लागला नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याच्या तोंडावर ऑक्सिजन लावला. "गॅसमध्ये किती वेळ होतात ते मला कळायला हवं. यांची पहिली हाक ऐकू आली होती?"

"आली. ताप उतरला म्हणाली."

"मग उत्तर का नाही दिलंत?"

"द्यायचं नव्हतं... का हात उचलत नव्हता... खरंच नाही सांगता येत, बाई. छान वाटत होतं. कुणावरच राग नव्हता."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही लगेच सायरन ओढलात?"

"नाही," ती म्हणाली. "मी रागावून बसले होते."

डॉक्टरीणबाईंनी त्याची नाडी पुन्हा पाहिली. "संध्याकाळपर्यंत यांना झोपू देऊ नका. मधूनमधून बोलतं करा. जीभ जड वाटली, शब्द चुकला, तर लगेच मला हाक मारा."

बाई गेल्या. तिने स्टूल खाटेजवळ ओढलं. बाळाचं सांगून झालं होतं. मनात दुसरं होतं ते एकच.

"परवा तुम्ही म्हणालात, मी त्याची आई शोभत नाही."

"आत्ता?"

"आत्ताच. बोला."

मास्कच्या आत त्याचे ओठ हलले. "त्याचं अंग तापलेलं, आणि तू डबा भरत होतीस."

"कुणाचा भरत होते?"

त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. तिने त्याचं मनगट घट्ट धरून हलवलं.

"गप्प बसू नका. भांडा माझ्याशी."

"भांडतोय की," तो म्हणाला.

तो शब्द जिभेवर अडखळला, की मास्कमुळे तसा वाटला, तिला कळेना. ती त्याच्या तोंडाशी वाकली.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली. "अहो, पुन्हा म्हणा."