घोटलेला अंगठा

"अंगठा नीट टेक रे," सावळाराम गुरुजी म्हणाले. "नुसता काळा ठिपका उठतोय."

पीरमहंमदने लेकीच्या शाळाप्रवेशाच्या अर्जावर पुन्हा टेकला. पुन्हा ठिपकाच. तीस वर्षं जुन्नरात बसून हातकागद दगडाने घोटता घोटता त्याच्या अंगठ्यावरच्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या. शेजारी उभी असलेली आबेदा, त्याची सात वर्षांची लेक, गुरुजींच्या दौतीत डोकावत होती.

"मी म्हणतो, मोहल्ल्यात तुमच्या लोकांची उर्दू शाळा आहे ना? तिथं घाल."

"ती शाळा चांगलीच हाय, गुरुजी. थोरली तिथंच शिकली. पन हिला मराठी शिकवायचीय."

"का बरं?"

आता आली का पंचाईत! पीरमहंमदने डोकं खाजवलं. "आमी कागद करतो, त्यो कचेरीत जातो. म्होरं त्याच्यावर काय लिवत्यात, ह्ये लई दिसांपासून मनात हाय. ही वाचून सांगंल."

गुरुजी हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण नियमापुढे तेही काय करणार? "बिनरेषांचा अंगठा चालत नाही. घरातलं सही करणारं वडीलधारं माणूस आण."

असं माणूस म्हणजे एकटे अन्सारचाचा. त्यांनी तर सकाळीच बजावलं होतं, मराठी शाळेच्या अर्जाला मी हात लावणार नाही. पोरगी याची आणि मर्जी चाचांची! पण पीरमहंमद दाराकडे वळला नाही.

"गुरुजी, माजं नाव पाटीवर लिवा. मी गिरवतो."

दुपारची सुट्टी झाली, संपलीही. पाटी किती वेळा पुसली याला गणतीच नाही. शेवटी अर्जावर नाव उमटलं, वेडंवाकडं, पण सगळंच्या सगळं. आपण लिहिल्यावर असे दिसतो होय? पीरमहंमद नवलाने बघत राहिला. आणि नवा ताव घोटावा तसा सवयीने त्याने त्यावरून अंगठा फिरवला. ओली शाई पसरली.

त्याचं तोंड एवढंसं झालं. "सत्यानास केला म्या."

गुरुजींनी अर्ज खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. मग कोपऱ्यातली खुर्ची पुढे ओढली.

"वाचता येतंय. बसा, पीरमहंमदभाऊ."

शाळेतल्या खुर्चीवर तो जन्मात पहिल्यांदा बसला, अगदी काठावर, काळा अंगठा मुठीत घट्ट धरून.