ओढ्यापलीकडचा थेंब

लाइलची सुरी खांद्याच्या हाडापाशी खर्रकन अडकली. त्यानं पुन्हा पातं फिरवलं. हाड असं वाजत नाही, हे तीस वर्षं हरणं सोलणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको.

शेडच्या आढ्याला मागच्या पायांनी टांगलेला वाकड्या हळूच झुलला. पांढऱ्या शेपटीचा हा थोराड नर. डावं शिंग कानावर वाकलेलं, म्हणून हे नाव. चार हंगाम खोऱ्यातल्या प्रत्येक धनुष्यवाल्याचा त्याच्यावर डोळा होता, आणि आज सकाळी तो लाइलच्या मचाणाखाली वीस पावलांवर येऊन उभा राहिला. एकच बाण लागला, शंभर पावलांत खेळ आटोपला.

लाइलनं बोटं आत घातली. जुन्या, घट्ट झालेल्या मांसात बाणाचं एक गंजकं पातं रुतून बसलं होतं. तीन धारांचं. बुडाशी कानशीनं पाडलेल्या दोन खाचा त्याच्या बोटाला लागल्या, आणि त्यानं मूठ मिटली.

"काय झालं, दाजी? दमलात?" पलीकडून कातडं ओढून धरणारा आर्विड म्हणाला. "वय झालं म्हणा की. ताईला बोलावू का सोलायला?"

"गप रे."

आर्विड हा लाइलच्या बायकोचा धाकटा भाऊ. आपल्या प्रत्येक पात्याला दोन खाचा पाडणारा खोऱ्यात तोच एक. गेल्या नोव्हेंबरात त्यानं वाकड्यावर बाण सोडला होता. बाण लागला होता, रक्त होतं. संध्याकाळी दोघं माग काढायला निघाले. रीत ठरलेली: शेवटच्या डागापाशी एकानं कागदाचा तुकडा ठेवून उभं राहायचं, दुसऱ्यानं पुढचा डाग शोधायचा, आणि हाक आल्याशिवाय मागच्यानं जागा सोडायची नाही. सगळा कारभार पुढच्याच्या शब्दावर.

पुढं लाइल होता. ओढा ओलांडताच एका सपाट दगडावर त्याला रक्त दिसलं. ताजं, रुपयाएवढं. वाकड्याचं शिंगांसकट डोकं आर्विडच्या भिंतीवर जाणार, हे त्या क्षणी त्याला सोसवलं नाही. त्यानं त्या डागावर बूट ठेवला आणि ओरडला, "इथं काही नाही रे! नुसतं खरचटलंय त्याला. चल घरी."

आर्विड मुकाट्यानं परत आला होता. जखमी जनावर रानात तडफडत सोडलं, हे त्यानं मनाला लावून घेतलं. धनुष्य तळघरात खिळ्याला टांगलं ते आजतागायत. आणि लाइल वर्षभर मूग गिळून बसला. जेवायला एकत्र बसले की मीठदेखील त्याच्याकडे न बघता पुढं करायचा.

आता मूठ खिशाशी गेली. खिसा जवळच होता, आर्विडचं लक्ष बादलीकडे होतं. एक हालचाल, की संपलं. पण धार तळव्यात शिरली होती आणि मनगटावरून रक्ताचा ओघळ निघाला.

"हात कापला की, दाजी! बघू."

लाइलनं मूठ उघडली.

आर्विडनं ते पातं उचललं, बादलीत धुतलं, अंगठा खाचांवरून फिरवला.

"म्हणजे तेव्हा जगला होता तर हा," तो म्हणाला.

लाइलला ते ऐकवेना. लाजेनं त्याची मान वर होईना.

"आर्विड, त्या दिवशी ओढ्यापलीकडे रक्त होतं. मी त्याच्यावर पाय ठेवला."

"माहीत आहे."

"काय?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच गेलो होतो. दगडावरच्या रक्तात तुमच्या बुटाच्या तळाची नक्षी वाळली होती. थोडा पुढंही गेलो, पण बर्फ पडायला लागला."

"मग बोलला का नाहीस? वर्षभर?"

"म्हटलं, तुम्ही बोलाल."

त्यानं ते पातं सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि गुंडी लावली.

"शिंगं तू ने," लाइल म्हणाला. "तुझीच आहेत ती."

"नको. आज तुम्ही मारलात, तुमचीच. धरा तो पाय. निम्मं सोलून का टांगून ठेवायचं त्याला?"

उरलेलं काम दोघांनी नीट केलं. लाइलनं पाठीचं मऊ मांस आर्विडसाठी कागदात बांधलं. कुणीही मारो, सोलायला आलेल्यानं ते न्यायचं, असं त्या दोघांत लाइलच्या लग्नाच्या वर्षापासून चालत आलेलं. आर्विडनं हात धुतले, "येतो" म्हणाला आणि गाडी सुरू केली.

लाइल फळीवरचं रक्त पुसत होता, तेवढ्यात त्याची बायको मार्लीस कॉफी घेऊन शेडमध्ये आली. दोन कप होते.

"गेलासुद्धा? आणि हे काय, पुडकं इथंच? विसराळू मेला. थांब, फोन करते त्याला."

"करू नकोस," लाइल म्हणाला. "विसरला नाही तो."