माझ्या अंगावरचं माप कोणी पुसलं?

मित्रांनो, मी एक जुना आलेख आहे. सिहोऱ्याजवळच्या एका घरात भिंतीवर खिळ्याला टोचलेला असतो. डिंपल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या मेंदूच्या लहरी माझ्या अंगावर आहेत. माझे रंग उडाले, पण राग काही उतरला नाही.

डिंपल बोलता बोलता मध्येच थबकायची. डोळे उघडे, पण हाक मारली तरी ओ नाही. तिचे वडील लिलाधर तलावात मासे धरतात. त्यांनी तिला भंडाऱ्याच्या एका तपासणी केंद्रात नेलं. तिथे डोक्याला तारा चिकटवून मेंदूचे संकेत टिपले. औषध सुरू झालं आणि तीन महिन्यांनी पुन्हा टिपले. ही दोन टिपणं शेजारी शेजारी मांडण्यासाठी माझा जन्म झाला.

जन्मलो तेव्हा मी खरा होतो हो! डावीकडे औषधाआधीच्या उंच, टोकदार लहरी. उजवीकडे औषधानंतरच्या बुटक्या, शांत. बाजूला एक छोटी उभी रेघ होती, लहर किती उंच ते सांगणारी. खाली एक आडवी रेघ, एक सेकंद किती लांब ते सांगणारी. कोणीही पाहावं आणि ओळखावं, की पोरगी सुधारते आहे.

पण मला बनवणाऱ्या वीरेंद्रला मी आवडलो नाही. "उजवीकडं खाली खालीच दिसून राहिलं ना," तो म्हणाला. त्यानं एक बटण दाबलं आणि त्या बुटक्या लहरी चौकट भरेपर्यंत ताणल्या. मापाच्या दोन्ही रेघा कचरा म्हणून पुसल्या. वर सात रंग ओतले. केंद्रातल्या सगळ्यांनी माझी वाहवा केली. मला गुळगुळीत कागदावर छापलं, आणि मीही मूर्खासारखा फुशारलो.

डॉक्टर नागपूरहून फक्त गुरुवारी येत. लिलाधर सोमवारीच कागद घेऊन घरी आले. सोबतच्या पानावर इंग्रजीत 'सुधारणा आहे' असं लिहिलं होतं, पण ते घरात वाचणार कोण? घरानं मला वाचलं. डिंपलची आई जमुनाबाई माझ्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवत म्हणाली, "ह्या रेघा तं तेवढ्याच उंच हायेत! पोरीले गोळीनं नुसती झोप येऊन राहिली. कायले द्याची मंग?"

गोळ्या बंद झाल्या. मला ओरडावंसं वाटत होतं, पण कागदाला कुठला आवाज?

दहाव्या दिवशी सकाळी डिंपल वडिलांसोबत डोंग्यात बसली होती. जाळं ओढता ओढता ती थबकली आणि तशीच पाण्यात कलंडली. लिलाधरनी उडी मारून तिला केसांना धरून वर काढलं. ती वाचली. त्यात ना माझा वाटा, ना माझ्या सात रंगांचा.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. लिलाधरनी मला केंद्रातल्या टेबलावर आपटलं. जवाहरनगरहून येणाऱ्या रेणू नावाच्या तंत्रज्ञ बाईंनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. त्यांनी मूळ टिपणं उघडली, दोन्ही बाजूंना एकच माप लावलं, साध्या काळ्या रेघेत नवा आलेख छापला आणि सगळं समजावून सांगितलं.

"म्हनजे दोन बाजूले दोन मापं लावले होते?" लिलाधरनी विचारलं. "बाई, आमी तलावाचं पानी एकाच काठीनं मोजतो. काल एक काठी अन् आज दुसरी लावली, तं पानी चढलं का उतरलं, कसं समजन? एवढं तं आमच्या लेकरायलेही समजते!"

"चुकलं आमचं, काका," रेणूबाई म्हणाल्या. त्या मला फाडायला निघाल्या.

"फाडू नका. हाही द्या मले. लोकायले दाखवीन."

डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू केलं. आता आम्ही दोघे भिंतीवर शेजारी शेजारी असतो. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी मेंदूचे संकेत कागदावर मांडेल. रंग कमी घाला. तुलना करायची तर माप एकच ठेवा. आणि ती छोटीशी रेघ पुसू नका, तिच्यावर कोणाचं तरी लेकरू उभं असतं.

डिंपल रोज गोळी घेताना नव्या आलेखाकडे पाहते. माझ्या अंगावर तिनं पेनानं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'हा खोटा'. तिचं काही चुकलं नाही. पण मी खोटा जन्मलो नव्हतो. मला खोटं बोलायला लावलं.